तांदळात लिहिलेलं नाव आणि आय-८६४: मामा-मामीच्या ग्रीन कार्डची केस

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, वय ७१. मामी ६७. घर भांडुपला वन बीएचके, स्वतःचं, कर्ज फिटलेलं. एकुलता एक मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, न्यू जर्सीत एडिसनला असतो, २०२२ ला अमेरिकन सिटिझन झाला आणि पुढच्या वर्षी त्याने आईवडिलांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला तिकडे बोलावायचे अर्ज, भरले. सिटिझन मुलाच्या आईवडिलांना वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागत नाही, कोटा नाही, कागद पुढे सरकले की झालं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं की सोपं आहे. मी दादरला एका सीएच्या ऑफिसात काम करतो म्हणून घरातली एकूण एक फाइल आपोआप माझ्याकडे येते, तशी हीपण आली. दीड वर्षात काय काय झालं आणि मी कुठे माती खाल्ली ते लिहितोय, आकडे आणि नावं थोडी बदलून.

पहिली गोष्ट जी आम्हाला उशिरा कळली ती म्हणजे ही एक केस नव्हती, दोन होत्या. नवराबायको असले तरी मामाची आय-१३० वेगळी, मामीची वेगळी, दोन केस नंबर, दोन डीएस-२६० म्हणजे व्हिसाचे ऑनलाइन अर्ज, व्हिसाची फी प्रत्येकी ३२५ डॉलर, आणि प्रत्येकाच्या नावाने मुलाचा वेगळा आय-८६४, म्हणजे यांना मी सांभाळीन असं हमीपत्र. हे मी तोंडाने दहा वेळा बोललो असेन आणि तरीही शेवटी नेमका इथेच आपटलो, ते पुढे येईलच.

आधी नावाचं.

दादाचा जन्म १९८३ चा, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. जन्मदाखला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून काढला, नीट मिळाला, आणि त्यात आईचं नाव शकुंतला. आता मामीचं नाव सरिता. पासपोर्ट, आधार, पॅन, रेशन कार्ड, वीजबिल, सगळीकडे सरिता. आम्ही जन्मलो तेव्हापासून ती सरितामामीच. मी मामीला फोन करून विचारलं, ही शकुंतला कोण, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, अरे मीच, पहिलं बाळंतपण माहेरी लालबागला, माझ्या बाबांनी हॉस्पिटलात नाव सांगितलं, बाबा मला मरेपर्यंत शकूच म्हणायचे, त्यांच्या तोंडून सरिता कधी निघालंच नाही.

म्हणजे लग्नात नाव बदललेलं. आपल्याकडे हे इतकं कॉमन होतं की कोणाला त्यात काही वाटायचंच नाही, ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहायचं. अमेरिकन ऑफिसरसाठी मात्र प्रश्न सरळ आहे, ज्या बाईच्या पोटी हा मुलगा जन्मला ती शकुंतला आणि व्हिसा मागतेय सरिता, मग ही त्याची आई कशावरून? मी मामीला विचारलं की नाव बदलल्याचा काही कागद आहे का, तर म्हणाली, "तांदळात लिहिलेल्याचा पुरावा कुठून आणू रे? ते तांदूळ सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी शिजवले."

लग्न १९८० चं, गिरगावातल्या हॉलमधलं, नोंदणी केलेलीच नाही. ती आता केली, भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात, लग्नाला ४० वर्षं उलटून गेल्यावर. तीन साक्षीदार पाहिजेत, लग्न लावणारे गुरुजी पाहिजेत, गुरुजी वारले कधीच, त्याचं अॅफिडेव्हिट. लग्नपत्रिका मात्र निघाली. मामीने कपाटातल्या शालूच्या घडीतून काढली, पिवळी पडलेली, कोपऱ्यावर हळदीचा डाग, वर सोनेरी गणपती अर्धा उडालेला, आणि मधोमध ठसठशीत चि. सौ. कां. शकुंतला. मामी हाताने ती सरळ करत बसली, दोन मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही, मग म्हणाली स्कॅन कर पण मशीनमध्ये घालू नकोस, मोबाइलवर फोटो काढ.

तर मामीची फाइल अशी तयार झाली: शाळा सोडल्याचा दाखला शकुंतला नावाचा, लग्नपत्रिका शकुंतलाची, नवीन मॅरेज सर्टिफिकेट ज्यात लग्नाआधीचं नावही आलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अॅफिडेव्हिट, आणि राजपत्र. राजपत्रात नावबदल हल्ली ऑनलाइन अर्ज करून होतो, ६६ व्या वर्षी मामी गॅझेटमध्ये छापून आली, तिने त्याचे फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकले. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याची सही आणि मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे असं लेखी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डीएस-२६० मध्ये एक प्रश्न असतो, तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का. बरेच लोक तिथे नाही म्हणून टाकतात कारण त्यांना वाटतं उगाच कशाला शंका. आम्ही हो केलं आणि शकुंतला लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. लपवलं की ते मुलाच्या दाखल्यावर दिसणारच आहे, मग आपणच आधी सांगितलेलं बरं.

मामाचा जन्म १९५३ चा, संगमेश्वर तालुक्यातला, जन्माची नोंदच नाही. म्हणजे नोंद मिळत नाही असा दाखला, शाळेचा दाखला, आणि वयाने मोठ्या नातेवाईकाचं अॅफिडेव्हिट. मोठी नातेवाईक म्हणजे माझी आई, जी तेव्हा पाच वर्षांची होती. नोटरीसमोर तिने विचारलं, तो अमावास्येला झाला तेही लिहायचं का. मामीसाठी तिच्या लालबागच्या थोरल्या भावाने दिलं.

पोलीस क्लिअरन्सला काही त्रास झाला नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात ठाण्याला स्लॉट, माणशी ५०० रुपये, मग पोलीस स्टेशनमधून फोन. सोळाव्या वर्षानंतर ज्या दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलात तिथलंही पोलीस सर्टिफिकेट लागतं, तेव्हा १९७८ ला मामाची मस्कतची नोकरी हुकली ते एका अर्थी बरंच झालं, तो अजून हळहळतो तो भाग वेगळा.

आता पैशाचं, आणि खरी केस हीच आहे.

आपल्याकडे व्हिसा म्हटलं की डोक्यात टुरिस्ट व्हिसाच बसलेला असतो. बँकेत किती आहेत, एफडी किती, फ्लॅट आहे का, परत येणार का. मामाने पहिल्याच आठवड्यात एक जाड प्लास्टिकची फाइल केली: २२ लाखांच्या एफडीच्या पावत्या, पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीमचे १५ लाख, पासबुकं, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, आमच्याच ऑफिसातून नेटवर्थ सर्टिफिकेट. सोसायटीतले एक काका म्हणाले की इंटरव्ह्यूच्या आधी कोणाकडून तरी दहा लाख आणून खात्यात टाका, बॅलन्स चांगला दिसतो. मी म्हटलं मामा, असलं काही करायचं नाही, आणि मुळात इथे तुझ्या बॅलन्सला कोणी विचारत नाहीये, परत येणार का असंही कोणी विचारणार नाही, तू कायमचा जातोयस. इथे विचारतात ते दादाला. तुझ्या मुलाचं उत्पन्न तुम्हा दोघांना सांभाळण्याएवढं आहे का. तो सही करून अमेरिकन सरकारला लिहून देतो की हे दोघं गरिबीरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाणार नाहीत, मी बघीन.

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. पस्तीस वर्षं तिकिटं फाडली, कोणाचे चार आणे ठेवले नाहीत, आणि आता पोरगा लिहून देणार की बापाला उपाशी ठेवणार नाही! "म्हणजे मी त्याच्या डोक्यावरचं ओझं असं सरकारी कागदावर लिहायचं?" मी सांगितलं की हा करारच आहे, कायद्याने बंधनकारक, आणि तो मामा सिटिझन होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर कामाचे ४० क्वार्टर जमेपर्यंत, किंवा तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा परत येईपर्यंत, किंवा मरेपर्यंत चालतो. चाळीस क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. "म्हणजे ८१ व्या वर्षापर्यंत मी तिकडे तिकिटं फाडू?" असं म्हणून तो उठून गॅलरीत गेला.

ती जाड फाइल मात्र त्याने सोडली नाही.

एनव्हीसीने, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरने, २०२४ च्या जूनमध्ये दोन्ही केस कागदपत्रं पूर्ण म्हणून पास केल्या. ऑक्टोबरची इंटरव्ह्यूची तारीख आली. आम्ही खूश. आणि गणपतीत, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, मी सगळा सेट प्रिंटसाठी लावत असताना दादाचा आय-८६४ पहिल्यांदा नीट वाचला. तोपर्यंत मी तो वाचलाच नव्हता, तिकडचा फॉर्म, तिकडच्या माणसाने भरलेला, आपल्याला काय कळतंय असं समजून. उत्पन्न लिहिलं होतं ६८,९०० डॉलर. सोबत २०२३ चं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा सरकारी उतारा, तोच आकडा. आणि वर फायलिंग स्टेटस, मॅरीड फायलिंग जॉइंटली.

आता आपल्याकडे नवराबायकोचं एकत्र रिटर्न नसतं त्यामुळे हे डोळ्याला खटकत नाही, पण मी दिवसभर रिटर्नच बघतो म्हणून थांबलो. ६८,९०० मध्ये वहिनीचा पगारपण होता. मी रात्री दोन वाजता दादाला फोन केला, तिकडे संध्याकाळ. त्याला विचारलं की तुझे एकट्याचे किती, तर तो गप्प. मग सांगितलं की २०२३ च्या मध्यावर त्याची नोकरी गेली होती, घरी कोणाला सांगितलं नव्हतं, काही महिने फुटकळ कॉन्ट्रॅक्टची कामं केली, आणि २०२४ च्या एप्रिलपासून नवीन नोकरी आहे, वर्षाचे ३७,४०० डॉलर. मामाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला ते मामाला सांगायचं नव्हतं आणि न सांगता केस पुढे नेणं पण जमणार नव्हतं.

हिशोब असा. दादा, वहिनी, त्यांची मुलगी, मामा, मामी, घर पाच माणसांचं. २०२४ च्या गरिबीरेषेनुसार पाच माणसांना ३६,५८० डॉलर, त्याचे १२५ टक्के म्हणजे ४५,७२५. दादाचे चालू उत्पन्न ३७,४००. कमी पडतात ८,३२५. लोक नेहमी गेल्या वर्षीचं रिटर्न धरून बसतात, पण मुख्य बघतात ते आत्ताचं उत्पन्न, रिटर्न आणि पे स्टब म्हणजे पगाराच्या स्लिपा त्याला आधार म्हणून.

रस्ते तीन होते. एक, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तिकडचा दुसरा कोणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला वेगळा आय-८६४ भरून देईल. वहिनीचा चुलतभाऊ आहे टेक्ससला, पण दहा-दहा वर्षांची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची म्हणजे पुढे प्रत्येक दिवाळीला तो उपकार आठवणार, मला तो पटला नाही. दोन, मालमत्ता. आणि इथे गंमत म्हणजे मामाची ती जाड फाइल खरंच कामाला येत होती! जो जाणार आहे त्याची स्वतःची मालमत्ता धरता येते, अट एवढीच की ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे आणि तिची किंमत, कर्ज वजा जाता, तुटीच्या पाचपट पाहिजे. नवराबायकोच्या केसमध्ये तीनपट चालते, आईवडिलांना पाचपट. ८,३२५ गुणिले पाच म्हणजे ४१,६२५ डॉलर. त्या दिवसांत डॉलर ८४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३५ लाख. मामाच्या एफडी आणि पोस्ट मिळून ३७ लाख. फ्लॅट न धरताच बसत होतं.

मामाला हे कळल्यावर त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बघ, मी म्हणत होतो ना." दादाच्या नोकरीचं मी तेव्हाच सांगितलं, आकडा सांगायचा तर कारण सांगावंच लागलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग एवढंच म्हणाला की मग तर माझेच पैसे लावा, त्याला कशाला ताण.

पण माझं मत तिसऱ्या रस्त्याला होतं आणि अजूनही आहे. वहिनी त्याच घरात राहते, ग्रीन कार्ड आहे, वर्षाला ३१,८०० कमावते, तिने आय-८६४ए भरून सही केली की तिचं उत्पन्न दादाच्या उत्पन्नात मिळवता येतं. मिळून ६९,२००, म्हणजे गरजेपेक्षा भरपूर वर. मालमत्तेचा रस्ता नियमात बसतो पण आमचा तो काठावर बसत होता, ३५ ला ३७, रुपया जरा घसरला किंवा मुदतीआधी मोडल्याचे दंड कापले की संपलं, आणि ऑफिसरला पोस्टाची स्कीम समजावत बसायचं काउंटरवर. पगार समजायला सोपा. त्यात नियमही साधा आहे, दादाने तो आधीच पाळायला हवा होता: बायकोचं उत्पन्न धरायचं तर बायकोची सही पाहिजे, आणि जॉइंट रिटर्न असेल तर कोणाचे किती ते दाखवायला दोघांचे डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म.

दादाने नवीन आय-८६४ भरले, स्वतःचं उत्पन्न ३७,४०० लिहून, दोघांनी आय-८६४ए वर सह्या केल्या, ताजे पे स्टब, नोकरीचं पत्र, डब्ल्यू-२, सगळं स्कॅन करून पाठवलं. मामाची फाइल आम्ही जोडीला ठेवली. तो म्हणाला वर ठेव, मी खाली ठेवली.

मेडिकल झालं, छातीचा एक्स-रे, लशी, मामीने दंडावर सुई घेताना डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

इंटरव्ह्यूचा दिवस. भारतातले जवळपास सगळे इमिग्रंट व्हिसाचे इंटरव्ह्यू मुंबईतच होतात, त्यामुळे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटसमोर, सकाळी पंजाब, गुजरात, आंध्र सगळं उतरलेलं असतं, बॅगा घेऊन लॉजवरून आलेले लोक, आणि आम्ही भांडुपहून कुर्ला लोकल आणि रिक्षा. मामाला जुनी कचेरी आठवत होती, ब्रीच कँडीचं लिंकन हाऊस, २०११ पर्यंत तिथेच होती, त्याच्या बसमधून तो रांगा बघायचा आणि म्हणायचा काय येडी लोकं आहेत. आत मोबाइल चालत नाही, म्हणून मी दोघांचे फोन हातात धरून फुटपाथवर.

साडेतीन तासांनी बाहेर आले. मामा पुढे, मामी मागे, आणि मामीच्या हातात एक छापील चिठ्ठी. २२१(जी), म्हणजे कागद कमी आहेत, ते येईपर्यंत व्हिसा थांबला. मामाचा मंजूर, पासपोर्ट ठेवून घेतला. मामीचा अडकला.

मला वाटलं नाव. दीड वर्ष ज्याची भीती होती ते. तर नाही. मामीने सांगितलं की काउंटरवरच्या ऑफिसर मॅडमने मराठीतच विचारायला लावलं, दुभाषी होती, की तुमची किती नावं, तर मामीने ठणकावून दोन्ही सांगितली आणि राजपत्र पुढे केलं, त्यावर एक प्रश्न नाही. चिठ्ठीवर खूण होती आय-८६४ए च्या पुढे. मामाच्या फाइलमध्ये होता, तो बघून त्याला हो म्हणाले. मामीच्या फाइलमध्ये नव्हता. मामा काउंटरवर म्हणाला पण, अहो तोच आहे, आत्ताच तुम्हाला दिला. उत्तर आलं की केस वेगळी आहे, तिच्या फाइलमध्ये तिचा पाहिजे.

मी घरी आलो आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये बघितलं. होता तिथेच. आठ पानं, वहिनीची सही. दोन सेट काढले, एक लावला, दुसरा उचलायचा राहिला, आणि शेवटची तपासणी मी रात्री बारा वाजता केली कारण त्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं. राजपत्र, पत्रिका, अमावास्या सगळं आठवलं आणि ट्रे बघितला नाही.

चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे कागद दिले. मामी त्या दिवसांत मला एक शब्द बोलली नाही, नुसतं वाईट बोलली नाही असं नाही, खरंच काहीच बोलली नाही, फक्त रोज सकाळी गुड मॉर्निंगचा गणपती पाठवायची. तिसऱ्या आठवड्यात स्टेटस बदललं, व्हिसा आला.

उरली एक फी, व्हिसा हातात आल्यावर यूएससीआयएसला, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याला, भरायची, माणशी २३५ डॉलर, दोघांचे ४७०. दादाने तिकडून कार्डावर भरून टाकली आणि मामाला सहज फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामा दादरला माझ्या ऑफिसात हजर, शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, साडेएकोणचाळीस हजार मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाला त्याच्या इथल्या खात्यात भर. मी म्हटलं अरे मामा, तो घेणार नाही, आणि आता तर त्याने लिहूनच दिलंय ना सगळं.

"ते तिकडे उतरल्यावर," मामा म्हणाला. "अजून मी भांडुपला आहे."